गाडीचे टायर कधी बदलायचे? सोलापुरात आम्हाला रोज विचारले जाणारे प्रश्न

विजापूर रोडला टायर आणि अलाइनमेंटचं काम करता करता वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं, टायरला एक लाथ घालून बघतं (त्यातून काय कळतं, ते मला अजून कळलेलं नाही) आणि विचारतं, "मालक, अजून वर्षभर निघतील की ओ?" त्या एका प्रश्नाला जे फाटे फुटतात ते इथं लिहून काढलेत. ट्रक आणि ट्रॅक्टरचा हिशोब वेगळा असतो. हे सगळं कारपुरतं.

टायर गोटा झाला असं नेमकं कधी म्हणायचं?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९४ प्रमाणे कारच्या टायरची नक्षी १.६ मिलीमीटरपेक्षा कमी चालत नाही. नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलीमीटर खोल असतात. ही १.६ ची खूण कंपनीने टायरमध्येच करून ठेवलेली असते. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथं, बारीक त्रिकोण किंवा इंग्रजी टी-डब्ल्यू-आय अक्षरं शोधा. तिथून सरळ आत नक्षीकडे नजर न्या. खाचेच्या तळाशी रबराचा एक आडवा बांध दिसेल. नक्षी झिजत झिजत त्या बांधाच्या पातळीला आली की टायर संपला.

पण ही कायद्याची शेवटची रेघ झाली. तिथवर थांबू नका, असं मी सांगतो. खाचांचं काम एकच, चाकाखालचं पाणी बाजूला फेकायचं. खाच उथळ झाली की पाण्याला जायला वाट राहत नाही, चाक पाण्यावर चढतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. ३ मिलीमीटरच्या खाली गेल्यावर ओल्या रस्त्यावरचा ब्रेक लांबायला लागतो. म्हणून आमचा सल्ला ३ मिलीमीटरचा.

सोलापूरकराची यात एक फसगत होते. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस रस्ता कोरडा. कोरड्या डांबरावर गोटा टायरसुद्धा चांगला धरतो, त्यामुळं माणसाला वाटतं, चाललंय की. मग सप्टेंबरात, जेव्हा आपल्याकडचा खरा पाऊस येतो, तेव्हा तीच गाडी पुणे हायवेवर मोहोळच्या पुढं साचलेल्या पाण्यात शिरते. ज्यांचे टायर ३ च्या आसपास आलेत त्यांनी मे महिन्यात विचार करावा. नवरात्रात तुळजापूरला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येऊ नये, त्या दिवशी आमच्याकडं रांग असते.

घरच्या घरी मोजता येतं का?

येतं. टायरची खोली मोजायचा गेज शे-दोनशे रुपयांत मिळतो, पण तो नसला तरी अडत नाही. आगपेटीची काडी खाचेत उभी घाला, नक्षीच्या पातळीला नखाने खूण करा, काडी बाहेर काढून पट्टीवर मोजा. पोरांच्या कंपासमधली पट्टी थेट खाचेत घालू नका. त्या पट्टीचा शून्य अगदी कडेला नसतो, आधी थोडी कोरी जागा असते, आणि तिथंच दोन-चार मिलीमीटरचा घोळ होतो. एकाने असंच मोजून "कमी दाखवतंय, टायर बदलून द्या" म्हणून माझ्याकडं गाडी आणली होती. त्याचे टायर नवेकोरे होते.

काडी त्या आडव्या बांधावर टेकवू नका, खाचेत खडा अडकलेला नाही ना तेही बघा. आणि एका टायरला तीन ठिकाणी मोजा: आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. चार टायरचे बारा आकडे होतात. ते मोबाइलमध्ये तारीख आणि किलोमीटर घालून ठेवले तर पुढचे अर्धे प्रश्न तुमचे तुम्हालाच सुटतील.

नक्षी भरपूर आहे, तरी बदला म्हणता. धंदा वाढवताय का?

हा प्रश्न तोंडावर विचारणारे कमी, मनात ठेवणारे जास्त. उत्तर असं की आपल्या गावात टायर झिजून कमी आणि म्हातारा होऊन जास्त जातात.

रबर उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने कडक होत जातं. ते मऊ राहावं म्हणून कंपनी रबरात जी द्रव्यं घालते ती चाक फिरत असताना हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि रबराचं रक्षण करतात. रोज चालणाऱ्या गाडीत हे काम होत राहतं. आठवड्याला एकदा सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघणारी आणि बाकीचे सहा दिवस जुळे सोलापुरात बिनछपराच्या जागेत एप्रिल-मेचं ४२-४३ अंशांचं ऊन खाणारी गाडी असेल, तर पाच वर्षांत किलोमीटर फारसे होत नाहीत, नक्षी छान दिसते आणि बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा पडलेल्या असतात. अंगठ्याने भिंत दाबून बघा. उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा भेगा उघडल्या तर नक्षीकडं बघायचं कारणच उरत नाही.

वय टायरवरच छापलेलं असतं. भिंतीवर इंग्रजी डी-ओ-टी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा, ऑगस्टची सुरुवात. ही पूर्ण ओळ कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असते; बाहेर दिसली नाही तर आतल्या बाजूला वाकून बघावं लागतं. पाच वर्षं झाली की दर वर्षी नीट तपासून घ्या. दहा वर्षांनंतर टायर दिसायला कितीही चांगला असो, ठेवू नका. टायर बनवणाऱ्या कंपन्याही हीच कमाल मर्यादा सांगतात. सोलापूरच्या उन्हात मी स्वतः सहा-सात वर्षांपुढं जात नाही.

कार वॉशवाले टायरला जे काळं पॉलिश मारतात त्याने चिरा झाकल्या जातात, बुजत नाहीत.

स्टेपनी तर वापरलीच नाही, तिचं काय?

इथं मला स्वतःचं सांगावं लागेल. मे महिन्यात पुण्याला निघालो होतो, घरची मंडळी बरोबर. टेंभुर्णीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. सामान उतरवून स्टेपनी काढली. नक्षी शंभर टक्के, नव्या टायरवर असतात ते रबराचे केससुद्धा जागेवर. गेज लावला तर हवा अकरा पॉइंट (पॉइंट म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप). चौकटीतला आकडा बघितला आणि बायकोकडं बघायचं टाळलं. टायर नऊ वर्षांचा होता. दिवसभर लोकांना तारखा वाचून दाखवणारा माणूस मी, आणि स्वतःच्या डिकीत पाच वर्षांत डोकावलो नव्हतो. चाळीसच्या वेगाने रडतखडत टेंभुर्णी गाठली.

तेव्हापासून चार चाकांत हवा भरायची तेव्हा पाचव्यातही, दोन-तीन पॉइंट जास्तच. डिकी उघडायचा कंटाळा येतो, मान्य आहे. ज्यांच्या गाडीत बारीक स्टेपनी येते त्यांनी तिच्यावरचा वेगाचा आकडा वाचावा. बहुतेक वेळा तो ८० असतो, आणि ती पंक्चरवाल्यापर्यंत जायलाच दिलेली असते.

उन्हाळ्यात हवा दोन पॉइंट कमी ठेवायची असते ना?

नाही. सोलापुरात सगळ्यात जास्त टायर या एका समजुतीने मेले असतील.

लोकांचं गणित असं: उन्हात हवा तापते, फुगते, टायर फुटतो, म्हणून आधीच कमी भरा. यातली पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पॉइंट वाढतो. पण ही वाढ कंपनीने धरूनच आकडा दिलेला असतो आणि टायर त्याच्यापेक्षा बराच जास्त दाब सोसतो. हायवेवर टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेमुळं. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात बाजूची भिंत जास्त दबते आणि सरळ होते. तार सारखी वाकवली की जिथं वाकते तिथं गरम होते, तसंच हे. शंभरच्या वेगाने चाक मिनिटाला आठशेच्या वर फेरे घेतं. आत उष्णता साठते, रबर आणि आतले दोरे एकमेकांना सोडायला लागतात. वरून रस्ता तापलेला, गाडीत पाच माणसं, डिकीत चादरींचे गठ्ठे. मग फुटतो, आणि दोष उन्हाला.

करायचं एवढंच. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. ते पाळा. टायरच्या भिंतीवरचा मोठा आकडा ही टायरची कमाल मर्यादा आहे, ती भरायची नसते. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. पंप दोन-तीन किलोमीटरवर असला तर हरकत नाही. अक्कलकोटहून आल्या आल्या तापलेल्या टायरला गेज लावला आणि ३७ दिसले म्हणून ३३ वर आणले, तर रात्री टायर थंड झाल्यावर त्यात २९ च उरतात.

उलटं गणितही ध्यानात ठेवा. मेच्या दुपारी ४२ अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या १४-१५ अंशांच्या पहाटे चार-साडेचार पॉइंटनी कमी दिसते, कुठं गळती नसताना. हुरड्याच्या दिवसांत दर पंधरवड्याला हवा बघा म्हणतो ते यासाठीच.

टायर आतून खाल्लाय. कंपनी खराब का?

क्वचित. बहुतेक वेळा टायर गाडीचीच तक्रार सांगत असतो. नवा टायर घालण्याआधी जुना वाचायचा, नाहीतर नव्याचीही तीच गत होते.

मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त होती. दोन्ही कडा झिजून मधला भाग उंच राहिला असेल तर हवा कमी होती. हे दोन प्रकार गेज वापरून सुटतात, पैसे लागत नाहीत.

एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन बिघडलाय. यात आतली कड फसवी, कारण बाहेरून टायर नवा दिसतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली बसा आणि पुढच्या चाकाची आतली बाजू बघा. परवा एक गाडी आली, मालक फक्त हवा भरायला थांबला होता. स्टिअरिंग वळवून दाखवलं तर आतल्या कडेला रबर संपून तार दिसत होती, बाहेर नक्षी पाच मिलीमीटर. तो माणूस त्याच टायरवर हैदराबादला निघाला होता.

डोळ्यांपेक्षा तळहात जास्त सांगतो. टायरवरून हात बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे दोन्ही चाकं समांतर चालत नाहीत, टायर थोडा घासत पुढं जातो. ठरावीक अंतरावर खळगे लागत असतील, आणि साठ-सत्तरला घूं-घूं आवाज येत असेल, तर शॉक अॅब्सॉर्बर गेलाय किंवा बॅलन्सिंग बिघडलंय. खूप जण हा आवाज बेअरिंगचा समजून बेअरिंग बदलून येतात. एकाच जागी चपटा झालेला टायर म्हणजे चाक जाम होऊन घासलंय, किंवा गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी होती.

अलाइनमेंट दहा हजार किलोमीटरला एकदा पुरते, असं गाडीचं पुस्तक सांगतं. गावातले खड्डे आणि रंग न दिलेले स्पीड ब्रेकर पुस्तकाने बघितलेले नाहीत. चाक जोरात आदळलं, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहायला लागलं किंवा गाडी एका अंगाला ओढायला लागली की किलोमीटर न मोजता या. मशीनवर आधीचे आणि नंतरचे आकडे निघतात, ते मागून घ्या. नुसतं "केलं साहेब" ऐकून पैसे देऊ नका, आम्हालासुद्धा.

टायर आलटून पालटून घालायचे का?

हो, आठ-दहा हजार किलोमीटरला एकदा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ते फक्त त्याच बाजूला पुढं-मागं करायचे.

सध्या दोनच घ्यायचेत. पुढं टाकू की मागं?

मागं. इथं रोज वाद होतो. "इंजिन पुढं, स्टिअरिंग पुढं, नवे मागं कशाला?" तर्क चुकीचा वाटत नाही, पण ओल्या रस्त्यावर पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जाते, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बहुतेक वेळा ती परत हातात येते. मागचं सुटलं की गाडी शेपटीकडून फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून चांगली जोडी कायम मागं. एकच टायर बदलायची वेळ आली तर स्टेपनी चांगली आणि त्याच मापाची आहे का ते आधी बघा, बऱ्याचदा जोडी तिथंच जमते.

फुगा आलाय, पण हवा जात नाही. चालेल का?

नाही. बाजूच्या भिंतीवर बोराएवढा फुगा दिसला तरी आतले दोरे तुटलेले असतात आणि हवा फक्त रबराच्या पातळ थराने धरून ठेवलेली असते. नक्षी किती आहे, टायर कालच घेतलाय का, कशाचाच उपयोग नाही. त्याच दिवशी स्टेपनी चढवा.

पंक्चर किती काढले की टायर बाद?

संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. नक्षीच्या मधल्या भागातलं बारीक भोक नीट दुरुस्त होतं. खांद्यावरचं आणि भिंतीवरचं होत नाही, कोणी करून देतो म्हणाला तरी करू नका. बाहेरून चिकट दोरी कोंबतात ती गावापर्यंत पोचायला ठीक. टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच मारला की काम पक्कं होतं, आणि आतला भाग बघायलाही मिळतो. बसलेल्या टायरवर गाडी अर्धा किलोमीटर जरी चालवली असेल, तर आत काळा रबराचा भुगा सापडतो. भुगा सापडला की टायर गेला.

शेताकडं जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. वेड्या बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि हवा आठवड्याला दोन-तीन पॉइंट अशी चोरपावलांनी जाते. तूर काढलेल्या रानात तर गाडी घालूच नका. तुरीची धसकटं तिरपी कापलेली असतात आणि ती सरळ भिंतीत घुसतात. हुरडा खायला गेलात तर गाडी बांधावर लावा, पन्नास पावलं चाला.

एक सेट किती किलोमीटर चालायला पाहिजे?

पस्तीस ते पन्नास हजार ऐकू येतात, पण तुमचा आकडा तुमच्याच मापातून काढा. ८ मिलीमीटरचा टायर वीस हजारांनंतर ५.५ वर आला असेल तर अडीच मिलीमीटर गेले. ३ पर्यंत अजून अडीच उरलेत, म्हणजे आणखी साधारण वीस हजार. अर्थात वय आडवं आलं नाही तर.

नायट्रोजन भरू का?

फुकट असेल तर भरा. साध्या हवेतसुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरलाय म्हणून सहा महिने गेज न लावणारे बघितलेत, त्यांचं काही खरं नाही.

थोडा रुंद टायर टाकला तर?

१८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलेलं असतं. रुंदी १८५ मिलीमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. माप बदलायचं तर स्टिकरवरच्या पर्यायांतलं घ्या. भाराचा आकडा मूळपेक्षा खाली आणू नका, विशेषतः सीएनजीची टाकी मागं बसवली असेल तर.

सेकंड हँड किंवा रिमोल्ड?

कारला रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला, नको. सेकंड हँडमध्ये नव्या गाडीचे उतरवलेले टायर कधी कधी खरंच चांगले मिळतात. तारीख वाचा, टायर आतून बघा, किती पॅच आहेत ते मोजा. विकणारा आतून बघू देत नसेल तर पुढं चला. नव्याचे दर तसेही सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यावर थोडे उतरलेत. नवा घेतानाही आयएसआयची खूण आणि तारीख बघूनच पैसे मोजा. वर्षाच्या आतला माल मागायला लाजू नका.

टायर फुटला तर विमा मिळतो का?

नुसता टायर फुटला तर साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत धरतात. टायरचं वेगळं जादा कव्हर मिळतं, त्यातल्या अटी वाचून घ्या. टायर मुळातच सदोष निघाला तर भरपाई कंपनीकडून मिळते, तीही उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात. त्यामुळं बिल जपून ठेवा.

जुने टायर घरी नेऊ का?

पत्र्यावर वाऱ्याला वजन म्हणून ठेवायला नेतात बरेच जण. नेणार असाल तर खालच्या बाजूने दोन भोकं पाडून न्या. पावसाचं पाणी टायरच्या पोटात साचतं, उलटं केलं तरी पूर्ण निघत नाही, आणि डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं. पेटवायचे तर अजिबात नाहीत. नको असतील तर दुकानातच ठेवून जा. रिसायकलिंगवाल्याची गाडी येते.

आणि हो, सोडून जाण्याआधी वॉल्वची टोपणं काढून घ्या. ती नव्या चाकाला बसतात, आणि ती नेमकी तुमच्याच गाडीला नसतात.